मळ्यात अनवाणी

"पाय वर करा, मामाजी," मी म्हणाले.

मामाजींनी पाय वर केला नाही. पानमळ्याच्या झाप्यासमोर, म्हणजे काट्याकुडाच्या फाटकासमोर, ते काठी टेकून उभे होते. अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर आणि खाली उघडे पाय. पूर्वेकडे नुकतंच फटफटलं होतं. पौषातली ती पहाट अशी गार होती की गवतावरचं दव पांढरं पडलं होतं आणि पायाखाली करकर वाजत होतं. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला असं दरसाल होत नाही. पण ज्या साली होतं, त्या साली वारं रात्रभर चिखलदऱ्याकडून खाली उतरतं आणि पहिलं येऊन पानमळ्यात बसतं.

"काहून वर करू?"

"गोणपाट बांधून देतो. डॉक्टर काय बोल्ला, आइकलं ना? साखरेच्या माणसानं अनवाणी चालायचं नाही."

"डॉक्टरच्या घरी नागवेल हाय काय?"

मामाजी, म्हणजे डोमाजी, हे माझे सासरे. घरात, गावात, बाजारात त्यांच्या शब्दाला वजन होतं, कारण त्यांच्या मळ्यातलं पान गावात सगळ्यांत पातळ आणि गोड निघायचं. आमच्याकडे पानमळा म्हणजे देऊळ. चप्पल बाहेर काढायची. मळ्यात थुंकायचं नाही, शिवी द्यायची नाही. आणि बाई अडचणीची असली तर तिनं कुंपणाच्या सावलीतही उभं राहायचं नाही. नागवेल कोपते म्हणे. बायांच्या अंगणात, बायांच्या हातानं, बायांच्या घामावर वाढते आणि बायांवरच कोपते.

दिवाळीच्या सुमारास मामाजींच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला होता. त्यांना कळलंसुद्धा नाही. ओट्यावर रक्ताचे ठसे पाहून मी ओरडले, तेव्हा ते मागं वळून म्हणाले, "कोणाले लागलं व?" स्वतःचंच रक्त होतं. तेव्हापासून ती जखम भरायचं नाव घेत नव्हती. अशा पायांनी ते गार चिखलात शिरणार होते.

"मामाजी, चामडं नाही हे. ताग हाय. ताग म्हणजे झाडच. झाडाले झाडाचा विटाळ होते काय?"

ते थांबले. हा मुद्दा त्यांना पटण्यासारखा होता. माणसाला नियम मोडायचा नसतो, पण नियमात पळवाट सापडली तर ती हवी असते.

"विनू, तुही बायको वकील पायजे होती," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले.

"घरी रोज कोर्टच हाय बाबा," विनायक म्हणाला आणि इंजिन सुरू करायला विहिरीकडे गेला. त्याच्यापाशी विनोद पुष्कळ असायचे. बाजू घ्यायची वेळ आली की इंजिन सुरू करायचं असायचं.

मी खाली बसून दोन्ही पाय गोणपाटात गुंडाळले, वर सुतळी आवळली. मागं आत्याबाई, माझी सासू, गोवऱ्यांची टोपली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आपल्या चपला झाप्याबाहेर काढल्या आणि अनवाणी आत जाताना एवढंच बोलल्या, "बांधा बांधा. जे होईल ते आपल्या डोयानं पाहा."

आम्ही जे करता येतं ते सगळं केलं. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, बाहेर येताना त्याच्या वाफा निघतात. ते पाणी ओळींमधून सोडलं. वाऱ्याच्या अंगाला ओल्या पाचोळ्याचे ढीग पेटवले, म्हणजे धुराचं पांघरूण मळ्यावर बसेल. पण मळ्याची खालची बाजू नाल्याला लागून होती. थंडी पाण्यासारखीच उतारानं वाहते आणि खोलगटात साचते. धूर वर जात होता, थंडी खाली बसत होती. मामाजी गोणपाटातले पाय ओढत ओळीओळीनं फिरत होते, वेलींना हात लावत होते, तापाच्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

ऊन वर आलं आणि मळा काळा पडला.

आधी पानं तेलात बुडवल्यासारखी दिसली, मग मऊ झाली, मग उकडल्यासारखी लोंबली. खालच्या बाजूपासून सुरुवात झाली आणि दुपारपर्यंत विहिरीजवळच्या एका ओळीशिवाय काही हिरवं राहिलं नाही. वेल चढवायच्या शेवरीच्या खांबांवर काळ्या चिंध्या टांगल्यासारखा मळा. वास असा सुटला होता की मला अजून पानाच्या ठेल्यासमोरून जाताना तो आठवतो.

विनायकच्या मावसभावाचा ठाण्याहून फोन आला. "काय मस्त गुलाबी थंडी पडलीय म्हणे तुमच्याकडे! इथं आम्ही अजून पंखा लावून झोपतो. पुढच्या रविवारी चिखलदऱ्याला येतोय, तिथं दव गोठलंय, पोरांना दाखवायचंय." त्यात त्याची चूक नव्हती. पण मी फोन विनायकच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "पोरांले आमच्या मळ्यातबी आणा भावजी, इथं सगळंच गोठलं हाय." तो हसला. त्याला वाटलं मी आमंत्रण दिलं.

संध्याकाळी शेजारच्या मळ्याचे भगवंतकाका आले. त्यांचा मळा उंचावर, निम्मा वाचला होता. त्यांनी चपला काढल्या, आत एक चक्कर मारली, बाहेर येऊन मामाजींजवळ बसले. वाईट माणूस नाही. पण वाईट बोलायला वाईट माणूस लागत नाही.

"डोमाजी, आज पायाले काय बांधलं होतं म्हणते?"

मामाजींनी खाली पाहिलं. गोणपाट अजून पायालाच होतं, चिखलानं जड झालेलं.

"इतके साल कधी झालं नाही तुह्या मळ्याले असं," भगवंतकाका म्हणाले. "नाही म्हणजे, मी आपलं बोल्लो."

ते गेले. मामाजींनी वाकून एकेक गाठ सोडली. मला सोडू दिली नाही. मग घरी येऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

ते उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाकरी परत आली. तिसऱ्या दिवशीही. साखरेची गोळी ते घ्यायचे नाहीत आणि घेतली तर उपाशीपोटी घेऊ द्यायची आम्हाला भीती. अंगठ्याची जखम पट्टीखाली वास मारू लागली. डॉक्टर घरी येऊन पाहून गेला आणि बाहेर विनायकला म्हणाला, "जेवले नाहीत, औषध घेतलं नाही तर पाय जाईल. आणि पाय गेला तर या वयात माणूस राहील याची हमी नाही."

आत्याबाई दाराआडून ऐकत होत्या. आत जाऊन त्यांनी खाटेचा काठ धरला. "आइकलं काय? काही खा."

"मीच मारला," मामाजी भिंतीशी बोलले. "माह्या बापानं मले सांगितलं होतं, जीव गेला तरी चालते, पायात काही घालू नोको. म्या ताग घातला. देवीशी वकिली केली."

"थंडीनं गेला मळा," मी म्हणाले. "खाली नाला हाय. सगळी थंडी तिथं साचली. भगवंतकाकाचा वरतं हाय म्हणून वाचला."

"गप बस व."

"त्याहीचाबी अर्धा गेला. त्याहीनं काय बांधलं होतं पायाले?"

"गप म्हणलं ना!"

विनायक इंजिन नसतानाही इंजिनाकडे गेला. आत्याबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की त्या नजरेत गोणपाटाची प्रत्येक गाठ होती.

त्या रात्री मी भांडी घासायची ठेवून चुलीपाशी बसून राहिले. माणूस समजुतीनं मरत असेल तर त्याला खरं सांगून उपयोग नाही, हे मला दिसत होतं. नाल्याचा उतार, वाऱ्याची दिशा, सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांना कळायचं नव्हतं. आणि माझ्याजवळ एक गोष्ट अशी होती जी सांगितली तर ते कदाचित उठतील. किंवा मला घराबाहेर काढतील. किंवा दोन्ही.

सकाळी मी खाटेजवळ जाऊन उभी राहिले. आत्याबाई तिथेच बसल्या होत्या, विनायक दाढी करत होता.

"मामाजी, मळा पायानं मरत असता तं कधीचाच मेला असता. मी लग्न होऊन आली त्याच्या पहिल्या हिवाळ्यापासून अडचणीची असली तरी मळ्यात जातो. दर महिन्याले. आणि तुम्ही बाजाराले गेले की चपला घालून जातो."

विनायकच्या हनुवटीवर ब्लेड लागलं. आत्याबाई उठल्या आणि माझ्या थोबाडीत बसली. जोरात बसली. मी हललेसुद्धा नाही, कारण ती बसणार हे मी चुलीपाशीच ठरवून आले होते.

"काय म्हणली?" मामाजींचं तोंड अजून भिंतीकडेच होतं.

"आइकलं तेच."

"काहून?"

"आठवते का तुम्हाले, माहा पहिला पौष? मले बाहेर बसवलं होतं, गोठ्याच्या बाजूच्या टिनाखाली. अंगावर एक गोणपाट, खाली एक गोणपाट. रजई द्याची नाही, बाटते म्हणून. सकाळी ढोराच्या नांदीतलं गार पाणी डोक्यावरून. मले न्युमोनिया झाला. माह्या बापानं बैलगाडीत टाकून दवाखान्यात नेलं. तुम्ही म्हणले, कोकरागत नाजूक हाय पोरगी. त्याच्यानंतर मी कोणाले सांगितलंच नाही. अडचण आली की गपचूप राह्यली. सैपाक केला, देवाले दिवा लावला, पानं खुडली. काय झालं?"

आत्याबाई पुन्हा हात उचलणार होत्या, पण तो मध्येच राहिला. न्युमोनियाचं नाव निघालं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. टिनाखाली त्यांनीच बसवलं होतं मला. त्यांना त्यांच्या सासूनं बसवलं होतं.

खाट करकरली. मामाजी वळले. डोळे खोल गेलेले, दाढी पांढरी वाढलेली. पण त्या डोळ्यांत राग नव्हता, हे पाहून मी चमकले. पान हातात घेऊन उजेडाकडे धरताना त्यांचे डोळे जसे व्हायचे, तसे ते झाले होते.

"ज्या साली नागपूरच्या व्यापाऱ्यानं सगळा मळा वेलीवरच खडा घेतला, त्या सालीबी?"

"त्या सालीबी."

"विहिरीजवळच्या ओळीत?"

"तीच तं माह्याकडं होती. अजूनबी माह्याकडंच हाय."

त्यांची नजर छतावर गेली. मग म्हणाले, "खोटं बोलून राह्यली. मले उठवासाठी बोलून राह्यली."

"नाही."

"दाखव मंग."

"काय दाखवू?"

मामाजींना आता जे विचारायचं होतं ते सुनेला विचारता येत नव्हतं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. ते बायकोकडे वळले. "तिले इचार. तिची... ते... केवा हाय म्हणा."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो बाप्पा! काय इचारून राह्यले तुम्ही!"

"इचार म्हणलं ना!"

"काय व," आत्याबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "केवा हाय तुही?"

"शुक्रवारी," मी आत्याबाईंना सांगितलं.

"शुक्रवारी म्हणते," आत्याबाईंनी त्यांना सांगितलं, जसं काही मी परगावी होते.

विनायक हनुवटीला टॉवेल दाबून हसायला लागला आणि बापाच्या एका नजरेनं थांबला.

"शुक्रवारी हिनं वाचलेल्या ओळीत जायचं," मामाजी म्हणाले. "चपला घालून. माह्यासमोर. मी पाहीन."

"उरली तेवढीबी मारता काय?" आत्याबाई ओरडल्या. "तेवढंच तं बेणं राह्यलं! ते गेलं तं पुन्हा मळा लावाले वेल कोठून आणसान?"

"मरू दे. पण मले समजलं पायजे." आणि मग, जणू काही खास नाही अशा सुरात, "भाकर आण. आणि त्या डॉक्टरची गोळी आण. शुक्रवारपर्यंत राहावं लागीन."

त्या दिवशी त्यांनी दूधभाकरी खाल्ली. मी गोळी हातावर ठेवली तेव्हा त्यांनी माझ्या गालाकडे पाहिलं. बोटं उमटली होती.

शुक्रवारी मळ्याच्या झाप्यासमोर खाट टाकली गेली. गावात बातमी कोणी पोचवली कोण जाणे, पण भगवंतकाका आले, त्यांच्या दोन सुना पदराआडून पाहायला आल्या. मी माझ्या रोजच्या प्लॅस्टिकच्या चपला घातल्या. जीव घाबरला होता, खोटं कशाला सांगू. मला देवीचं भय नव्हतं. मला थंडीचं भय होतं. पारा अजून खालीच होता. उद्या पुन्हा दव गोठलं आणि ती ओळ थंडीनं गेली, तर ती माझ्या नावावर जाणार होती. मग मामाजी भिंतीकडे वळणार आणि पुन्हा वळणार नाहीत. आणि गावातली प्रत्येक पोरगी माझ्या नावानं टिनाखाली बसणार.

मी आत गेले. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वेलींना बांध दिले, पाणी धरलं, वाळलेलं खुडलं. भगवंतकाका उठून गेले. त्यांच्या सुना गेल्या नाहीत.

त्यानंतर मी रोज जात राहिले आणि मामाजी रोज पाहत राहिले. पाहायला यायचं म्हणून जेवत राहिले, जेवायचं म्हणून गोळी घेत राहिले. थंडी आणखी एकदा कडक पडली. त्या पहाटे मी ओळीभोवती घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या रजया टांगल्या. आत्याबाईंनी स्वतःची रजई आणून दिली. मी घ्यायला हात पुढं केला, तर म्हणाल्या, "तुह्यासाठी नाही देत. वेलीसाठी देतो." रजई मात्र माझ्या हातात दिली.

माघ सरला. उन्हाला धार आली. अंगठ्याच्या जखमेवर नवी कातडी धरली. मामाजींनी एक दिवस सकाळी झाप्याजवळच्या खाटेवरूनच मला हाक मारली, "पंचफुले, तिसऱ्या खांबाजवळ काय दिसते?"

मी वाकून पाहिलं. पेऱ्यातून उंदराच्या कानाएवढं पान फुटलं होतं. कोवळं, तांबूस, चमकणारं. एकच नाही. त्या ओळीत जागोजाग. आणि पलीकडच्या ओळीत, जी आम्ही मेली म्हणून सोडून दिली होती, तिथंही बुडातून दोन कोंब.

"फुटली," मी म्हणाले.

मामाजी उठले. विनायकनं त्यांच्यासाठी कॅनव्हासचे बूट आणले होते. ते खोक्यातून न काढलेले घरात कोपऱ्यात पडून होते. त्यांनी ते मागवले, स्वतः घातले, नाड्या बांधता येईनात म्हणून तशाच सोडल्या आणि झापा उघडून आत आले. थेट तिसऱ्या खांबापाशी. त्या पानाला त्यांनी हात लावला नाही. नुसते उभे राहिले. मग बुटांकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे आणि मग त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता आनंदानं रडतात.

तो आनंद नव्हता. इतकी वर्षं अनवाणी चालवलेले सगळे पाय त्यांना आठवले असावेत.

आत्याबाई दुपारची भाकरी घेऊन झाप्यापाशी आल्या होत्या. रोजच्यासारख्या वाकून चपला काढत होत्या.

"राहू दे," मामाजी आतून म्हणाले. "तशीच ये. चपला घालून ये."

आत्याबाई वाकल्या होत्या तशाच राहिल्या. एक चप्पल पायात, एक हातात. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"आता म्हणता?"

"ये तं खरं. पाह्य, फुटवा आला."

"मी पाह्यला. सकाळीच पाह्यला, कुंपणातून." त्यांनी हातातली चप्पल खाली टाकली, ती पायात सरकवली आणि मागं झाल्या. झाप्याबाहेर, उन्हात खाली बसल्या. लुगडं वर घेऊन पाय पुढे केला. टाचेच्या भेगा काळ्या, खोल, सुकलेल्या नाल्यासारख्या. "हे पाह्यले काय कधी? चाळीस हिवाळे चालली मी इथं. दव गोठलं तवा चालली. विनू पोटात होता तवा चालली. टिनाखाली बसली तवा रात्रभर दात वाजत, तुम्ही घरात रजईत. एकदा म्हणले असते, ये वं घरात, थंडी हाय. थंडीत बोलावलं असतं तं आली असती. आता ऊन तापलं. आता मले कायची गरज?"

मी खांब धरून उभी होते. माझ्या अंगात इतका राग होता त्या दोघांवर, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

मग मामाजी वळले. फुटलेल्या वेलीला पाठ करून, सुटलेल्या नाड्या ओढत, झाप्यातून बाहेर आले. आत्याबाईंच्या बाजूला, मातीतच, हळूहळू गुडघे वाकवत बसले. भाकरीचं फडकं सोडलं. एक अर्धी मोडून त्यांच्या पुढे धरली.

आत्याबाईंनी ती लगेच घेतली नाही. मामाजींनी हात तसाच पुढे धरून ठेवला.